साखळी-करवतीची कुळकथा

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करावी, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तलवारी गेल्या, ढाली गेल्या. पण पाट काही रिकामा राहिला नाही. शेतकऱ्याने त्यावर कोयता मांडला, सुताराने रंधा मांडला, शिंपीदादांनी शिवणयंत्रालाच हार घातला. आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला गेल्या काही वर्षांत या पाटावर एक नवे आयुध येऊन बसले आहे. लांबट लोखंडी जीभ, तिच्याभोवती दातेरी साखळी, मागे नारिंगी किंवा लाल रंगाचे इंजिन. दुकानदार त्याला 'चेन सॉ' म्हणतो, गावकरी नुसते 'कटर' म्हणतात. मी आपला साखळी-करवत म्हणतो. कारण त्या दोन शब्दांतच त्याचा सगळा इतिहास आहे.

या इतिहासाकडे मी वळलो तो एका अफवेमुळे. ही करवत मुळात बाळंतपणासाठी शोधली गेली, अशी बातमी मोबाइलवरून गावोगाव फिरत असते. खाली एक भयंकर चित्रही असते. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे असली बातमी कोणी वाचली की ती माझ्याकडे तपासायला येते. "मास्तर, हे खरे का हो?" या प्रश्नाला 'नाही' म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु शोधू गेलो तेव्हा आढळले की अफवा अर्धी खरी आहे. आणि अर्धी खरी अफवा निस्तरायला पूर्ण खोटीपेक्षा अधिक वेळ लागतो.

गोष्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. त्या काळी मूल अडले म्हणजे वैद्यापुढे फार थोडे मार्ग असत. पोट फाडून मूल काढावे तर आई बहुधा दगावे. कारण भूल देण्याचे औषध नव्हते आणि जंतूंची कोणाला कल्पना नव्हती. स्त्रीच्या ओटीपोटाखाली, पुढच्या बाजूला, दोन हाडे कूर्चेने सांधलेली असतात. तो सांधा कापला तर वाट थोडी रुंदावेल आणि मूल बाहेर येईल, असा विचार पॅरिसच्या सिगो नावाच्या शल्यवैद्याने केला, आणि १७७७ साली त्याने तो अमलात आणला. आई जगली, मूलही जगले. युरोपभर त्याचा गाजावाजा झाला. मात्र त्या बाईला पुढे धड चालणे कठीण झाले आणि इतरही व्यथा तिच्या मागे लागल्या, याचा गाजावाजा तेवढा झाला नाही.

हे काम चाकूने करायचे म्हणजे हात जरा घसरला की आतल्या नाजूक अवयवांना इजा. यावर स्कॉटलंडमधल्या दोन वैद्यांनी उपाय काढला. एडिंबरोचा जॉन एटकिन याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रसूतिशास्त्राच्या आपल्या पुस्तकात एका लवचीक करवतीचे चित्र दिले. ग्लासगोचा शरीररचनेचा प्राध्यापक जेम्स जेफ्रे याच्याही मनात साधारण तशीच कल्पना आली होती; त्याने ती १८०६ साली छापून प्रसिद्ध केली. त्याचा हेतू बाळंतपणाचा नव्हता, तर सडलेले हाड आणि सांधे काढून टाकून रुग्णाचा हातपाय वाचवण्याचा होता. (हा तोच जेफ्रे, ज्याच्या शरीररचनेच्या वर्गात १८१८ साली एका फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेतातून विजेचा प्रवाह सोडून त्याचे हातपाय हलवून दाखवण्यात आले. माणूस धीराचा असला पाहिजे.) करवत कशी होती? बारीक कड्यांची एक साखळी, तिच्या एका कडेला दाते, दोन्ही टोकांना मुठी. साखळी हाडाच्या मागून ओवून घ्यायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. इंजिन नाही, पाते नाही, घरघर नाही.

खरे यंत्र आले ते १८३० च्या सुमारास, जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावी. बर्नहार्ट हाइने नावाचा एक कारागीर-वैद्य होता. त्याने एका चपट्या पात्याच्या कडेने दातेरी साखळी फिरवली आणि ती फिरवायला हँडल बसवले. एका हाताने यंत्र धरायचे, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे. हाड ठोकावे लागत नाही, फुटत नाही, त्याच्या कपच्या उडत नाहीत. हाइनेचे हे यंत्र आजही चित्रात पाहिले तर आजच्या कटरचे पणजोबा समोर उभे आहेत असे वाटते. भूल देऊन केलेली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया बॉस्टनला १८४६ साली झाली. म्हणजे हाइनेचे यंत्र चालत होते ते जाग्या माणसावर. त्यामुळे घाई हीच दया होती, आणि ही घाई या यंत्राने साधत असे.

आता अफवेचा निकाल. वैद्यांची साखळी-करवत लाकूडतोड्यांच्या करवतीच्या आधी जन्मली, हे खरे. तिचा एक उपयोग अडलेल्या बाळंतिणीसाठी होता, हेही खरे. पण लाकडाची करवत बनवणाऱ्यांनी वैद्यांची पाहून आपली बनवली, असा धागा इतिहासात सापडत नाही. कूळ एकच, पण वंशावळीत मधल्या पिढ्या कोऱ्या. आपल्याकडे अशा ठिकाणी भाट लोक दोन-तीन नावे घालून वंशावळ जुळवून देत. मोबाइलने तेच काम हाती घेतले आहे, इतकेच.

लाकडाच्या बाजूला तोवर काय चालले होते? कुऱ्हाड, कोयता, आणि दोघांनी ओढायची लांब करवत. उभ्या ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या तर एक माणूस वर आणि एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आमच्या घरांच्या तुळया, वासे, होड्यांच्या फळ्या याच हातांनी निघाल्या. झाड तोडणे अवघड होते, आणि अवघड होते म्हणूनच ते विचार करून केले जाई, असे मला वाटते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे शिरावे, यावर एक अध्यायच आहे. झाडावर राहणाऱ्या भूतमात्रांना आधी पूजा देऊन दुसरीकडे जाण्याची विनंती करायची, मग कुऱ्हाड. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आरमाराचा भाग तर सर्वांच्या परिचयाचा आहे. (तो शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापला जातो. लेखणी अमात्यांची आहे, आणि लेखन महाराजांच्या निधनानंतर पस्तीसेक वर्षांनी झालेले आहे. मात्र त्यातली राजनीती महाराजांच्याच वळणाची.) आरमाराला डोलकाठ्या आणि फळ्या हव्यात, सागवान वगैरे रानातली झाडे हुजुराच्या परवानगीने तोडावी, पण आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी झाडे नव्हेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे, असा त्याचा आशय. राज्यकर्त्याला लाकडाची गरज असताना लिहिलेला हा मजकूर आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर निराळीच अडचण होती. कॅलिफोर्नियातले रेडवुड वृक्ष म्हणजे उभे डोंगर. ते पाडायला दोन माणसांना दिवसचे दिवस लागत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सने १९०५ साली न संपणाऱ्या साखळीच्या करवतीचे एकस्व मिळवले, ते याच झाडांवर डोळा ठेवून. पण जंगलात उचलून नेता येईल असे यंत्र व्हायला आणखी वीस वर्षे लागली, आणि ते झाले जर्मनीत.

आंद्रेआस श्टील हा मूळचा झुरिकचा. यंत्रशास्त्र शिकलेला, वय तिशीचे. त्याच्या मनात एक साधी गोष्ट आली: अवजड झाड करवतीच्या गिरणीकडे न्यायचे, त्यापेक्षा करवतच झाडाकडे का नेऊ नये? १९२६ साली श्टुटगार्टमध्ये त्याने विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. वजन ६४ किलो! म्हणजे भरलेल्या सिमेंटच्या पोत्याहूनही जड. ती चालवायला दोन माणसे लागत, आणि वीज लागे ती वेगळीच. जंगलात वीज कुठून आणायची? १९२७ साली एमिल लेर्प याने थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली. तीही ५८ किलोची. त्या डोंगराचेच नाव त्याने आपल्या मालाला दिले. श्टीलने १९२९ मध्ये पेट्रोलची करवत ४६ किलोंवर आणली. मग महायुद्ध आले. जर्मन यंत्रे येईनाशी झाली, म्हणून अमेरिका आणि कॅनडातल्या कारखान्यांनी स्वतःची बनवायला सुरुवात केली. श्टील नाझी पक्षाचा सभासद होता आणि युद्ध संपल्यावर दोस्तांनी त्याला काही काळ स्थानबद्ध ठेवले, हेही इथेच नोंदवतो. कंपन्यांच्या जाहिरातींत कुलवृत्तान्ताचे हे पान सहसा लागत नाही.

इतके होऊनही यंत्राचे खरे दुखणे तसेच होते. इंजिन सुधारले, पण दात जुनेच. हातकरवतीचे दात जसेच्या तसे साखळीवर बसवलेले. ते लाकूड कापत नसत, ओरखडत असत. थोड्या वेळात बोथट होत आणि त्यांना धार लावायची म्हणजे तासांचे काम. लाकूडतोड्याचा अर्धा दिवस कानस चालवण्यात जाई.

या दुखण्यावर औषध सापडले ते एका किड्याच्या तोंडात.

जो कॉक्स हा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला लाकूडतोड्या. १९४६ सालची गोष्ट. एका बुंध्यापाशी काम करताना त्याला लाकूड पोखरणारी एक अळी दिसली, अंगठ्याएवढी जाड. अशा अळ्या आपणही पाहतो. आमच्या माडांना लागणारा भुंगा आणि त्याची पांढरी अळी हा इथल्या प्रत्येक बागाईतदाराचा वैरी. आपण ती चिमट्याने काढतो आणि कोंबडीपुढे टाकतो. कॉक्सने ती निरखली. ही अळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेही सहज जात होती आणि आडवीही तितक्याच सहज जात होती. माणसाच्या करवतीला हे जमत नव्हते. त्याने भिंगातून पाहिले तेव्हा अळीच्या जबड्याला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन कापणारे अवयव दिसले, एक डावा आणि एक उजवा. ती ओरखडत नव्हती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाकडाची ढलपी सोलून काढत होती. पोर्टलंड गावातल्या आपल्या घराच्या तळघरात बसून कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवला. डावा दात, उजवा दात, डावा दात, उजवा दात. नोव्हेंबर १९४७ मध्ये अशी पहिली साखळी विकली गेली. आज जगात कुठेही, कोणत्याही कंपनीची साखळी घ्या. दाताचा आकार पुष्कळ बदलला असला तरी कल्पना त्या अळीचीच आहे.

या दाताची घडण समजली की यंत्राची निम्मी देखभाल समजते, म्हणून थोडा थांबतो. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो. तो कापत नाही. दाताने एका वेळी किती खोल चावा घ्यावा, हे तो ठरवतो. खुंट दाताच्या टोकापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटरने खाली, बस्स. दात कानसून कानसून झिजला की त्याचे टोक खाली येते, आणि खुंट मात्र तेवढाच राहतो. मग धार असूनही करवत लाकडावरून नुसती घसरते. लोक म्हणतात, इंजिन गेले. इंजिन कुठे गेलेले नसते. उलट काही उत्साही मंडळी खुंट जास्तच घासून टाकतात. मग दात हावरटासारखा खोल चावतो आणि यंत्र हातातून उसळते.

पुढची प्रगती झपाट्याने झाली, ती थोडक्यात सांगतो. जुन्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा असे, त्यामुळे इंजिन आडवे केले की बंद पडे. १९५० च्या आसपास त्या जागी रबरी पडदा आला आणि करवत आडवी, उभी, कशीही धरता येऊ लागली. १९५० मध्येच श्टीलची एका माणसाने चालवायची पेट्रोल-करवत निघाली, १६ किलोची. १९५९ मध्ये मधले दातेरी चक्रांचे जंजाळ काढून टाकलेली १२ किलोची. त्याच १९५९ मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने आपली पहिली साखळी-करवत बाजारात आणली. ही कंपनी १६८९ साली बंदुका बनवण्यासाठी स्थापन झालेली.

हलकी करवत आली आणि तिच्याबरोबर एक नवा रोगही आला. दिवसभर थरथरणारे यंत्र धरून लाकूडतोड्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडू लागली, बधिर होऊ लागली. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावले गेले होते. मग १९६० नंतर मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे तुकडे बसवून थरथर कमी करण्यात आली. १९७० नंतरच्या दशकात साखळीला ब्रेक आला. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की संपूर्ण यंत्र क्षणार्धात उलटून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. पुढच्या मुठीपुढचा उभा दांडा मनगटाने ढकलला जाऊन, किंवा नुसत्या झटक्यानेही, साखळी तिथल्या तिथे थांबते. हा दांडा म्हणजे यंत्राची शोभा नव्हे. विकत घेताना दुकानदाराला तो ओढून-ढकलून दाखवायला सांगावा, आणि तो नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असो, नमस्कार करून बाहेर पडावे.

आमच्या भागात कटर घरोघर झाला तो ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेले माड नातवंडांच्या डोळ्यांदेखत पडले. रस्ते बंद, वीज नाही, आणि वर टाळेबंदी. आपत्ती निवारण दलाचे जवान कटर घेऊन आले आणि त्यांनी रस्ते मोकळे केले. ते पुढच्या गावी गेले. वाड्यांत आणि घरांच्या छपरांवर पडलेली झाडे मात्र ज्याची त्यालाच उचलायची होती. कोणी मुंबईहून यंत्र मागवले, कोणी भाड्याने आणले. स्लीपर घातलेली, उघड्या अंगाची तरणी मुले ती चालवू लागली. मोडलेली घरे आम्ही पाहिलीच होती. मला भीती वाटत होती ती पुढच्या आठवड्याची.

कारण पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा कपटी असते. ते वाकलेल्या धनुष्यासारखे ताणलेले असते. खोड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी आधी वरून तिसरा हिस्सा कापावा आणि मग खालून वर यावे, नाही तर खोड पाते चावून धरते. एकच टोक टेकलेले असून दुसरे अधांतरी असेल तर नेमके उलट: आधी खालून, मग वरून. आणि मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा, वरचे खोड कापून हलके होताच, मुळांच्या वजनाने पुन्हा खाडकन उभा राहू शकतो. मुळांखाली झालेल्या खड्ड्यात पोरे लपाछपी खेळत असतात! आमच्या वाडीत मी पहिले काम केले ते त्या खड्ड्यांभोवती काट्यांची कुंपणे घालण्याचे.

त्याच दिवसांत मी गावातल्या एका वृद्ध सुतारांना बोलावून घेतले. त्यांनी आयुष्यात कधी पेट्रोलचे यंत्र धरले नव्हते. पण मुले बोथट साखळी जोर लावून लाकडात दाबत होती, आणि नवी साखळी मिळायला मार्ग नव्हता. आजोबांनी साखळी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक-एक दात बोटाने चाचपला.

"मास्तर, हे तर आमचेच काम," ते म्हणाले. "फक्त कानस गोल पाहिजे."

गोल कानस कोळंबीच्या जाळ्याच्या दुकानात नव्हे, पण शेजारच्या गावच्या लोहाराकडे निघाली. मग पडवीत त्यांची शाळा भरली. "कानस पुढे ढकलताना कापते, मागे येताना नुसती घासते. मागे येताना उचलायची रे, बाबा!" त्यांनी माझ्या पुतण्याला तीनदा सांगितले. पात्याला काटकोनात असलेल्या रेषेशी तीस अंशांचा कोन, प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात, आधी सगळे डावे दात आणि मग साखळीची बाजू बदलून सगळे उजवे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की करवत सरळ जात नाही, बोळात शिरलेल्या बैलगाडीसारखी एका अंगाला ओढते. कानस कोणती घ्यायची ते साखळीवर अवलंबून असते: घरगुती हलक्या यंत्राच्या साखळीला बहुधा ४ मिलिमीटर व्यासाची, मध्यमला ४.८, मोठ्याला ५.५. "भुसा बघायचा," आजोबा म्हणाले. "ढलप्या पडतात तोवर धार आहे. पीठ पडायला लागले की थांबायचे." इतके नेमके वाक्य मला यंत्राच्या पुस्तिकेतही सापडले नाही.

माडाच्या बाबतीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माडाचे खोड बाहेरून कठीण, आतून मऊ, आणि त्याच्या तंतूंत वाळूसारखे खर असते. धार त्यावर लवकर मरते. म्हणून माड कापताना दर टाकी पेट्रोलमागे एकदा तरी कानस फिरवावी. आणि जुन्या आंब्याला हात लावण्यापूर्वी खोडावरून हात फिरवून पाहावा. कोणी कधी काळी कपडे वाळत घालायला ठोकलेला खिळा त्या झाडाने पोटात घेतलेला असतो. एक खिळा पुरा साखळीचा सत्यानाश करतो.

यंत्र कोणते घ्यावे, हे मला आता पुष्कळजण विचारतात. माझे उत्तर लोकांना आवडत नाही, कारण ते मोठे यंत्र घेऊ नका असे असते. आपल्या वाडीतले नेहमीचे खोड जेवढे रुंद, त्याहून पाते थोडे लांब असावे. माड-पोफळीसाठी १४ ते १६ इंचांचे पाते आणि ३५ ते ४५ सीसीचे इंजिन पुरते. याहून मोठे म्हणजे दमलेल्या हातात जास्त वजन, आणि अपघात होतो तो दमलेल्या हातालाच. साखळी बदलताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कड्यांतले अंतर, पात्याच्या खाचेची रुंदी आणि खालच्या कड्यांची संख्या. कड्यांतले अंतर मोजायची युक्ती अशी की लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजायचे आणि त्याचे निम्मे करायचे. जुन्या साखळीचा तुकडा रुमालात बांधून दुकानात नेला की वादच राहत नाही. यंत्राच्या किमतीत शिरस्त्राण, कानांवरची झाकणे, डोळ्यांवरची जाळी, जाड बूट आणि पायांवरचे संरक्षक वस्त्र धरून हिशोब करावा. या वस्त्रात लांब चिवट तंतूंचे थर असतात. साखळी पायाला लागली तर ते तंतू चक्रात गुंतून तिला जागीच अडवतात. आमच्याकडच्या उकाड्यात ते घालायला मुले कुरकुर करतात. करू द्यावी.

साखळीचा ताण यंत्र थंड असताना पाहावा. पात्याच्या खाली ती लोंबू नये, आणि हाताने ओढली तर सहज सरकावी. काम करून तापली की ती लांबते. तेव्हा आवळली असेल तर काम संपल्यावर आठवणीने सैल करावी, कारण निवताना ती आखडते आणि इंजिनाच्या कण्यावर ताण आणते. साखळीला तेल पोचते आहे की नाही हे पाहायला पात्याचे टोक कोऱ्या कागदावर, न टेकवता, धरून यंत्र जरा वेगात फिरवावे. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पाते मधूनमधून उलटून लावावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

आणि साठवण. इथेच आपले घोडे पेंड खाते. आम्ही दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घालतो आणि मग पावसाळाभर ते पडवीच्या कोपऱ्यात गंजत पडते. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पेट्रोलात तेल मिसळूनच ते चालते, बहुतेक नव्या यंत्रांना लिटरमागे २० मिलिलिटर. हे मिश्रण महिन्याभरात संपेल इतकेच करावे. आता आपल्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. आमच्या किनाऱ्यावर हवेत ओलावा नसतो असा दिवस मोजावा लागेल. म्हणून काम संपले की टाकी रिकामी करावी, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही. नाही तर ते तिथे चिकट होऊन बसते आणि रबरी पडदा कडक होतो. हवेची जाळी झाडून-धुऊन वाळवावी, साखळी काढून भुसा साफ करून तेलात बुडवून ठेवावी, पात्याला म्यान घालावे. पेट्रोलचा डबा कुठे ठेवावा यावर आमच्या घरी एक छोटीशी लढाईच झाली. मी माळा सुचवला होता. "अहो, खाली चूल आणि वर पेट्रोल? तुम्ही इतिहास शिकवलात की लंकादहन?" असा प्रश्न आला, आणि डबा गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत गेला. निकाल योग्यच होता.

अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या करवती आल्या आहेत. फांद्या छाटायला उत्तम. आवाज कमी, मिश्रणाची कटकट नाही. धार लावताना मात्र बॅटरी आधी काढून बाजूला ठेवावी. कानस, तेल आणि आजोबांचे नियम तेच.

एक कागद मी सुताराच्या त्या शाळेनंतर पडवीच्या भिंतीवर चिकटवला आहे. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडे, मग ती आपल्या मालकीच्या जमिनीत का असेनात, परवानगीवाचून तोडता येत नाहीत. ती यादी मी मोठ्या अक्षरात उतरवून काढली. साग आहे, हिरडा आहे, मोह, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ आहे. आणि अमात्यांनी ज्यांना हात लावू नये म्हणून बजावले होते, ते आंबा आणि फणस दोन्ही आहेत. माड त्यात नाही. पुतण्याने गेल्या पावसाळ्यात वादळाच्या जागी साठ नवे माड लावले. त्यांच्या आळ्यांतले तण तो अजून कोयत्यानेच काढतो.